मदत हवी आहे: आई-बाबांना एपकॉटच्या फ्लॉवर अँड गार्डन फेस्टिव्हलला न्यायचंय, मार्चमध्ये जाऊ की मेमध्ये?

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेत शार्लटला राहतो. आई-बाबा मार्चच्या सुरुवातीला पुण्याहून येतायत, जूनपर्यंत आहेत, आणि यावेळी त्यांना ऑर्लँडोला डिस्नेच्या एपकॉट पार्कमधला फ्लॉवर अँड गार्डन फेस्टिव्हल दाखवायचाच असं ठरलंय. आईची गच्चीवरची बाग आहे, दर जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन ती चुकवत नाही, तिथेसुद्धा नुसती फुलं बघून पुढे जात नाही, कुंडीत माती काय घातलीय, मोहोर कधी धरला, कलम कुठलं, सगळं माळीदादांना विचारत बसते. बाबा कृषी खात्यातून रिटायर झालेत, त्यांना फुलांपेक्षा भाजीपाला आणि पाणी देण्याची पद्धत यात जास्त रस.

माझी खरी काळजी हीच आहे की मिकी-मिनीच्या आकारात कापलेली झुडपं बघून दोघं तासाभरात "झालं का गं?" म्हणतील का? की बागकाम कळणाऱ्या माणसाला तिथे खरंच बघण्यासारखं काही आहे?

बाकी शंका:

१. फेस्टिव्हल साधारण मार्चच्या सुरुवातीपासून मेअखेर-जूनच्या सुरुवातीपर्यंत असतो. कधी जावं? मुलाची सुट्टी एप्रिलमध्ये आहे पण त्यासाठी अडून बसायचं नाहीये.
२. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, हळूहळू चालतात पण सलग नाही. व्हीलचेअर म्हटलं की "मी काय आजारी आहे का" सुरू होतं.
३. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. घरून दशम्या-चटणी नेली तर गेटवर काढून घेतात का?
४. पार्कमधल्या ग्रीनहाऊसच्या टूरचे वेगळे पैसे भरावेत का तिथल्या बोटराईडमधून दिसतं तेवढं पुरे?

आठ तास गाडी चालवून जाणार आहोत, म्हणून नीट आखूनच निघायचंय. प्लीज अनुभव सांगा.

प्रतिसाद १

ताई, आम्ही टँपाला असतो, जवळजवळ दरवर्षी जाणं होतं. बिनधास्त न्या, फक्त आईंना लांबून फोटो काढून पुढे नेऊ नका, एखाद्या टोपिअरीजवळ, म्हणजे त्या आकार दिलेल्या झुडपाजवळ, निवांत उभं राहू द्या. आत स्टीलचा सांगाडा असतो, त्यात स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचं शेवाळ) गच्च भरलेलं, आणि त्या मॉसमध्ये एकेक रोप लावलेलं, पाण्याची नळीही आतूनच फिरवलेली. बऱ्याच ठिकाणी अंगावर क्रीपिंग फिग असते, आपल्याकडे कंपाउंडच्या भिंतीवर चढवतात ना बारीक पानांची, तीच वेल. हे कळलं की मिकी बाजूला राहतो आणि माणूस रोपं मोजायला लागतो. फुलपाखरांचं जाळीचं घरसुद्धा चुकवू नका. पार्कमध्ये तळ्याभोवती वेगवेगळ्या देशांचे भाग केलेत, त्यातल्या जपानच्या भागात बोन्साय आहेत, कॅनडाची बाग बुचार्ट गार्डन्सवरून बेतलेली आहे, जर्मनीत छोट्या झाडांमधून खेळण्यातली रेल्वे फिरते, तिथे मुलगाही रमेल.

बाबांसाठी 'लिव्हिंग विथ द लँड', ही बोटराईड वर्षभर असते. मातीशिवाय वाढवलेल्या भाज्या, हवेत लोंबकळणारी मुळं आणि त्यांच्यावर पाण्याचा फवारा, वर मांडवावर पसरलेले टोमॅटो, शिवाय केळी, फणस. पिकतं ते तिथल्याच रेस्टॉरंटमध्ये वापरतात. पण बोट थांबत नाही आणि प्रश्न विचारता येत नाहीत, म्हणून तुमच्या बाबांना 'बिहाइंड द सीड्स' टूर घ्याच. साधारण तासाभराची, गाइडबरोबर ग्रीनहाऊसमधून चालत, वेगळं तिकीट आहे आणि आधी बुक करावं लागतं. तिथे ते गाइडची परीक्षाच घेतील बघा.

मे नको. दुपारी ऊन भाजतं आणि ढगही गडगडायला लागतात. मार्चचा दुसरा-तिसरा आठवडा आणि ईस्टरच्या आसपास स्प्रिंग ब्रेकची, म्हणजे शाळा-कॉलेजच्या सुट्टीची, तोबा गर्दी. मार्चचा पहिला आठवडा जमला तर उत्तम, नाहीतर ईस्टरनंतरचा एखादा मंगळवार-बुधवार. फेस्टिव्हलला वेगळं तिकीट नाही, पार्कच्या तिकिटातच येतो, पण एका दिवसाचं तिकीट तारखेप्रमाणे कमी-जास्त होतं तेही बघून घ्या.

प्रतिसाद २

व्हीलचेअर गेटजवळ भाड्याने मिळते, सकाळी लवकर जाऊन घ्या, संपतात. तळ्याभोवती ११ देशांचा फेरा जवळपास दोन किलोमीटरचा आहे, शिवाय तिथवर पोचायचं चालणं वेगळंच. माझ्या सासऱ्यांनाही नको होती, मी म्हटलं, बाबा, बॅगा ठेवायला घेऊ या, आणि दुपारनंतर ते स्वतःच बसले. तळं ओलांडायला बोटही आहे.

घरचं खाणं चालतं, फक्त काचेची बाटली-डबा नको. दशम्या नक्की न्या. फेस्टिव्हलच्या स्टॉलवर प्लेट छोट्या, साधारण ५ ते १० डॉलरला एक, आणि व्हेज लिहिलेल्या पदार्थात अंडं असू शकतं, तेव्हा आईंसाठी प्रत्येक ठिकाणी विचाराच. प्यायला थंड पाणी काउंटरवर फुकट मागता येतं.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार! बॅगांची आयडिया वापरणार. एप्रिलमधला मंगळवार धरतेय, टूर सकाळची घेते म्हणजे बाबा ताजेतवाने असतील. आता एकच, ऊन चढल्यावर दुपारी दोनेक तास दोघांना एसीत निवांत बसवता येईल अशी पार्कमधली जागा कुठली? हॉटेलवर परत जाणं त्यांना झेपणार नाही.

प्रतिसाद १

ती बोटराईड आहे ना, त्या द लँडचीच बिल्डिंग. आत फूड कोर्ट आहे, टेबलं भरपूर. टूर संपली की तिथेच डबा उघडा, आणि उन्हं कलली की देशांकडे निघा. तो भाग तसाही सकाळी उशिरा उघडतो, त्यामुळे काही हुकणार नाही.