पाश्चात्त्य अभिजात संगीताची मुक्त ध्वनिमुद्रणे श्रोत्याला पुरेशी आहेत का?

तबकडीवेडा (धागाकर्ता)

बाख १७५० साली गेला, बेथोव्हेन १८२७ साली. तेव्हा त्यांचे संगीत कुठूनही उतरवून घेतले तरी कोणाची हरकत असणार नाही, असे बरेच जण धरून चालतात. ही समजूत अर्धीच खरी आहे. रचनेवर आज कोणाचाही हक्क उरलेला नाही, परंतु ती रचना ज्या वादकाने वाजवली आणि ज्या संस्थेने ती मुद्रित केली, त्यांचा त्या विशिष्ट मुद्रणावरचा हक्क वेगळा असतो आणि त्याची मुदतही वेगळी मोजली जाते. म्हणून फुकट संगीत शोधताना रचनाकाराचे नाव शोधून भागत नाही. मुद्रण कोणाचे, कोणत्या वर्षीचे आणि कोणत्या परवान्याखाली दिलेले आहे, हे पाहावे लागते.

माझे मत असे की, एवढे पथ्य पाळूनही ज्याला ऐकायचे आहे त्याला आयुष्यभर पुरेल इतके संगीत रीतसर मिळते, आणि संशयास्पद संकेतस्थळांच्या वाटेला जाण्याचे काहीही कारण नाही. पियानोवादक किमिको इशिझाका यांनी बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स २०१२ साली सर्व हक्क सोडून देऊन प्रसिद्ध केली. वेल-टेम्पर्ड क्लॅव्हिअरचा पहिला भाग त्यांनी २०१५ साली तसाच खुला केला. म्यूझओपन या संस्थेने २०१० साली लोकवर्गणी काढून वाद्यवृंदाकडून खास मुक्त वितरणासाठी मुद्रणे करून घेतली. २००६ पासून स्वरलिप्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आयएमएसएलपी या संकेतस्थळावर अनेक रचनांच्या पानांवर वादकांनी स्वतः दिलेली मुद्रणेही असतात, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. बॉस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयाने आपल्या मैफलींची मुद्रणे परवान्यासह खुली केली आहेत. जुन्यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील ग्रंथालयाचा मेणाच्या नळकांड्यांवरील जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह आहे, आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील तबकड्यांवरून चार्म या संशोधन प्रकल्पाने तयार केलेल्या प्रती आहेत.

दुसरे व्हायोलिन

आपली यादी उपयुक्त आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. इशिझाका यांचे मुद्रण श्रोत्याला फुकट मिळाले, कारण त्याचे पैसे वर्गणीदारांनी आधीच मोजले होते. हा मार्ग कोणासाठी खुला आहे? ज्या रचनेचे नाव ऐकताच हजारो अनोळखी माणसे खिशात हात घालतील, तिच्यासाठी. गोल्डबर्गला वर्गणी मिळते. विसाव्या शतकातल्या एखाद्या अपरिचित स्त्री-रचनाकाराच्या चतुष्टकाला (चार वादकांसाठीच्या रचनेला) ती मिळणार नाही. परिणामी मुक्त संग्रहात बाख, बेथोव्हेन, शोपॅन यांचीच पुन्हा पुन्हा भर पडत राहते, आणि केवळ त्यावर पोसलेल्या श्रोत्याला वाटते की अभिजात संगीत म्हणजे एवढेच. पूर्ण सिंफनीसाठी सत्तर-ऐंशी वादक, उत्तम दालन, ध्वनिमुद्रक आणि तालमींचे दिवस लागतात. हा खर्च ज्याला दिसतच नाही, तो पुढे तिकीट काढून मैफलीला कशाला येईल?

कलमबहाद्दर

मूळ लेखात मुदती ‘वेगळ्या’ असल्याचे म्हणून विषय सोडून दिला आहे, पण खरी गुंतागुंत तिथेच आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे चालतो. म्हणजे १९६४ साली प्रकाशित झालेली मुद्रणे १ जानेवारी २०२५ रोजी मोकळी झाली. युरोपीय संघात ही मुदत पन्नास वर्षे होती, ती २०१३ साली सत्तर झाली. मात्र तोवर सुटून गेलेली मुद्रणे परत बंधनात घेतली गेली नाहीत, त्यामुळे १९६२ पर्यंतची सर्व तिथे मोकळी आहेत आणि १९६३ ची थेट २०३४ साली मोकळी होतील. अमेरिकेचा हिशेब आणखी निराळा. २०१८ च्या कायद्याने १९२३ पूर्वीची सारी मुद्रणे २०२२ च्या पहिल्या दिवशी मोकळी केली, १९२३ ते १९४६ मधल्यांना शंभर वर्षे दिली, आणि १९५७ पासून फेब्रुवारी १९७२ पर्यंतच्यांना २०६७ पर्यंत बांधून ठेवले. चेलोवादक पाब्लो कासाल्स यांनी १९३६ ते १९३९ दरम्यान मुद्रित केलेले बाखचे चेलो सुइट भारतात आणि युरोपात निर्वेध आहेत, तर अमेरिकेत आणखी काही वर्षे नाहीत. एकच फाइल, एकाच संकेतस्थळावर, एकाला कायदेशीर आणि दुसऱ्याला बेकायदा.

याच्या उलट सापळाही आहे. स्त्राविन्स्की १९७१ साली वारले आणि शोस्ताकोविच १९७५ साली. त्यांच्या कृतींचे पन्नाशीच्या दशकातले मुद्रण जुने म्हणून मोकळे वाटते, पण जिथे रचनाकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे हक्क टिकतो तिथे रचनाच अजून बांधलेली आहे. मुद्रण सुटले, रचना अडकली.

पहिलाच श्रोता

मला एक व्यावहारिक शंका मांडायची आहे. संचालक आर्थर निकिश आणि बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंद यांचे बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचे १९१३ चे मुद्रण मी मोठ्या उत्साहाने उतरवून घेतले. खरखरीतून चार स्वरांचा तो प्रसिद्ध ठोका ओळखता आला, पण खालचे बास जणू नाहीतच. हेच जर मी सर्वांत आधी ऐकले असते, तर बेथोव्हेन माझ्यापुरता तिथेच संपला असता. जुन्या फुकट मुद्रणांची शिफारस नवख्याला करणे हा त्याच्यावर अन्याय नाही का?

तबकडीवेडा

अन्याय आहे, आणि माझ्या लेखात ही सूचना असायला हवी होती. विद्युत मुद्रण १९२५ साली आले. त्यापूर्वी वादक एका भोंग्यासमोर दाटीने बसत आणि डबल बासचा आवाज सुईपर्यंत पोचत नसल्यामुळे अनेकदा त्याच्या जागी ट्यूबा वाजवला जाई. आपल्याला बास ऐकू आले नाहीत, यात आपल्या कानांचा दोष नाही. नवख्याने इशिझाका किंवा म्यूझओपनपासून आरंभ करावा आणि निकिशकडे नंतर वळावे. त्या वेळी तो वेगळ्याच कारणासाठी ऐकावासा वाटतो: एकोणिसाव्या शतकात घडलेला संचालक लय कशी ताणतो आणि सोडतो, याचा तो जिवंत पुरावा आहे.

जुन्या तबकडीची प्रत कोणी आणि कशी केली, याला मी वर्षाइतकेच महत्त्व देतो. सर्व तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नव्हत्या. ८२ फेऱ्यांची तबकडी ७८ ने वाजवली, तर संगीत संथ होतेच, शिवाय जवळजवळ अर्ध्या सुराने उतरते. मग श्रोता संचालकाच्या गांभीर्याचे कौतुक करत बसतो. आवाज अतिरेकी साफ केलेली प्रत मी टाळतो, कारण खरखरीबरोबर व्हायोलिनचा वरचा भागही पुसला जातो. मिळत असेल तिथे फ्लॅक स्वरूपातली प्रत घ्यावी, कारण तीत मूळ माहितीतले काहीही गळत नाही.

‘दुसरे व्हायोलिन’ यांचा संग्रह-संकोचाचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. तिकिटाचा मात्र नाही. हार्प्सिकॉर्डवादक वांडा लांडोव्स्का यांचे १९३३ चे गोल्डबर्ग आणि इशिझाका यांचे २०१२ चे, अशी दोन्ही शेजारी ठेवून ऐकणाऱ्याला तिसरे वादन प्रत्यक्ष ऐकण्याची ओढ लागते, असा माझा अनुभव आहे.

दुसरे व्हायोलिन

आपला अनुभव आपल्यासारख्या श्रोत्याचा आहे. दोन मुद्रणे शेजारी ठेवणारे किती असतात? तरीही मी एक पाऊल मागे येतो. २०१८ साली पियानोवादक जेम्स ऱ्होड्स यांनी स्वतः वाजवलेला बाख फेसबुकवर ठेवला, तर एका मोठ्या कंपनीच्या नावाने स्वयंचलित यंत्रणेने त्यावर हक्क सांगितला होता. हे आठवले की, ज्यांचे मुक्तपण कागदोपत्री निर्विवाद आहे अशी मुद्रणे असण्याची गरज वादकालाही पटते. माझी विनंती एवढीच की, यादी देताना प्रत्येक नावापुढे परवाना लिहावा. गार्डनर संग्रहालयाचा परवाना व्यापारी वापराला आणि फेरफाराला मनाई करतो. इशिझाका यांच्या मुद्रणाला असे एकही बंधन नाही. मूळ लेखात दोन्ही एकाच दमात आली आहेत, आणि उद्या कोणीतरी गार्डनरची मैफल कापून आपल्या जाहिरातीखाली लावील.

तबकडीवेडा

मान्य. संपादनाची सोय आहे तोवर मूळ यादीत परवाने घालतो. ‘कलमबहाद्दर’ यांनी कासाल्स यांच्या नोंदीपुढे देशवार मुदती लिहून द्याव्यात, ते काम माझ्या आवाक्यातले नाही.