खड्ड्याच्या तळाकडे आधी बघा

परसातल्या खोपीच्या पायासाठी सहा खड्डे खणून त्यात काँक्रीटचे खांब ओतायचे आणि काँक्रीट हातानेच कालवायचं, असं इथे प्रश्न विचारणाऱ्याने ठरवलंय, ते जमेल. त्याला उत्तर देताना एका दादांनी खड्ड्याला दीड फूट खोली पुरे असं लिहिलंय, त्याला मात्र माझा विरोध आहे. जांभा (तांबडा खडक) कठीण लागला तर पुरे. पण गोव्यात एकाच परसात एका कोपऱ्यात जांभा आणि दुसऱ्यात भरावाची माती असते. खाजनाजवळची (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीजवळची) मऊ चिखलट जमीन असेल तर तिथे असे खांब नकोच, आधी जाणकाराला दाखवा. तळाची सैल माती काढून टाका, पहारीने ठोकून बघा.

पाण्याबद्दल कळकळीने सांगते. मिश्रण सरसर ओतता यावं म्हणून बादलीवर बादली पाणी घालतात आणि खांबाची ताकद तिथेच जाते. 1:1.5:3 (सिमेंट, रेती, खडी) मिश्रणाला 50 किलोच्या गोणीमागे 30 लिटरच्या वर जाऊ नका. रेती ओली असेल तर आणखी कमी. हाताने कालवताना सिमेंट 10 टक्के जास्त घ्या. किनाऱ्यावरची रेती अजिबात नको, खारामुळे सळई गंजते. सळईभोवती 50 मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, ठेवा, थर ओतताना सळईने टोचत राहा.

खांबाचा माथा जमिनीपासून वीतभर वर काढा, लाकडाला वाळवी आणि पावसाचे शिंतोडे कमी लागतील. पीपीसी सिमेंट (राखेसारखा पोझोलाना मिसळलेलं) असेल तर निदान 10 दिवस ओलं गोणपाट गुंडाळून ठेवा. आणि हे सगळं मे महिन्याच्या आत उरका, पाणी भरलेल्या खड्ड्यात काँक्रीट ओतू नका.