कपाटभर ब्रोमाइड आणि चवथीनंतर सोडायची खोली

अक्षर_म्हापसा
नमस्कार. १९९० पासून म्हापशात एकटीने ग्राफिक डिझाइनचे काम करते. गोवा कला महाविद्यालयातून उपयोजित कला शिकले, नोकरी धरली नाही, बाजाराजवळच्या एका माडीवर भाड्याच्या खोलीत टेबल मांडले. आता डोळे साथ देत नाहीत. गणेशचवथ झाली की खोली सोडायची, हे पक्के आहे. पण भिंतीजवळच्या लाकडी कपाटापुढे गेले आठ दिवस मी अडून बसले आहे.

पहिल्या सहा-सात वर्षांचे काम त्यात आहे, सगळे हाताचे. मजकूर टाइपसेटिंगवाल्याकडून ब्रोमाइडवर, म्हणजे फोटोच्या कागदावर उमटवून यायचा. तो ब्लेडने कापायचा, रबर सोल्युशन लावून बोर्डावर ओळीत बसवायचा, वर ट्रेसिंग पेपर टाकून कुठे कुठला रंग ते लिहायचे. १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली, सरकारी कामात मराठीलाही जागा राहिली. त्यामुळे एकाच पत्रकावर देवनागरीत दोन भाषा, खाली रोमी म्हणजे रोमन लिपीतली कोकणी, शिवाय इंग्रजी, असे काम पुष्कळ आले. कोकणीतले अनुस्वार ब्रोमाइडवर हमखास गळायचे. 'घरां' म्हणजे अनेक घरे. वरचा ठिपका गेला की उरते 'घरा', म्हणजे घरी. ०.२ च्या रॉटरिंग पेनने एकेक ठिपका मी भरत असे.

सगळ्यांत जिवाजवळचे आहे ते बार्देसमधल्या एका छोट्या भट्टीच्या फेणीचे लेबल. दोनच रंग परवडणार होते, म्हणून काजूच्या बोंडूची गोलाई नुसत्या ठिपक्यांनी आणली. चार रात्री लागल्या. घेऊन गेले तर मालकीणबाईंनी बोर्ड हातात धरला, जरा वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "बाय, बी सकयल आसता." मी बोंडू टेबलावर उभा ठेवून काढला होता, म्हणून बी वर आली होती. झाडावर बोंडू लोंबतो आणि बी त्याच्या खाली असते. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट, आणि चार रात्रींत एकदाही लक्षात आली नाही. परत चार रात्री बसले. दोन्ही बोर्ड आहेत.

आता विचारायचे ते असे. हे बोर्ड टिकवायचे कसे? त्यानंतर कॉम्प्युटरवर केलेल्या कामाच्या फ्लॉपी आणि सीडी उघडतील का? आणि हे सगळे ठेवण्याचा, कुणाला दाखवण्याचा हक्क मला आहे का? पैसे तर मी कधीच घेतले आहेत.

फोंड्याचा_कॅमेरावाला
ताई, मी ऑफसेट प्रेसमध्ये प्रोसेस कॅमेऱ्यावर, म्हणजे छपाईसाठी बोर्डाचा फोटो काढायच्या कॅमेऱ्यावर होतो. तुमच्यासारख्यांचे बोर्ड रोज हातातून गेले आहेत, म्हणून सांगतो. या पावसात कपाट उघडे ठेवू नका. ब्रोमाइड पिवळे पडले असेल तर हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचे रसायन, नीट धुतला गेला नव्हता, ते आणखी पिवळे होत जाणार. रबर सोल्युशन सुकून तुकडे सुटले असतील तर ओढू नका आणि नवीन गोंदही लावू नका. आहे तसा बोर्ड आडवा ठेवून आधी स्कॅन करा. रेषांचे काम असेल तर १२०० डीपीआय, टिफमध्ये. ठिपक्यांच्या कामाला जेपेग अजिबात नको, ठिपक्याच्या कडेला घाण येते. ट्रेसिंग पेपर वेगळा स्कॅन करा, तो फेकू नका. तुमच्या हाताच्या सूचना त्यावरच आहेत.

फ्लॉपी आजच काढा. वाचणारा ड्राइव्ह मिळतो, पण फ्लॉपीला बुरशी लागलेली असेल तर तशीच आत घालू नका. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असायची. तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडूनही समोर नुसता इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसेल. जुना कॉम्प्युटर चालू असेल तर खोली सोडायच्या आधी त्याच्यावरूनच सगळ्याच्या पीडीएफ करून घ्या. पाने जुळवायचे पेजमेकर सॉफ्टवेअर सातव्या आवृत्तीनंतर बंद पडले, त्या फायली आधी हातात घ्या.

पणजी_कायदा
हक्काबद्दल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. तुम्ही कुणाच्या नोकरीत नव्हता. तुमच्यासारख्या स्वतंत्र माणसाचा हक्क साधारणपणे लेखी दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाही, नुसते बिल भरल्याने जात नाही. पैसे घेऊन काढून दिलेले चित्र किंवा व्यक्तिचित्र याला अपवाद आहे, तेव्हा प्रत्येक काम वेगळे तपासावे लागेल. लेखी करार असेल पण मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे धरतात. ट्रेडमार्क मात्र धंद्याचा, त्याचा वापर तुम्ही करू शकत नाही. जुने काम आपले म्हणून दाखवायचे असेल तर ज्यांच्यासाठी ते केले त्यांना एक फोन करावा, असे मला वाटते.

मडगावची_नवी
ताई, मी दोन वर्षांपूर्वी एकटीने सुरुवात केली आहे. पैसे मागायला गेले की "फाल्यां दितां", उद्या देतो, असे ऐकून परत येते. तुम्ही इतकी वर्षे कसे निभावले?

अक्षर_म्हापसा
कॅमेरावाले बाब, पणजीचे वकीलसाहेब, देव बरे करू. काल जुना कॉम्प्युटर लावला, सुरू झाला. एकशे चाळीस पीडीएफ झाल्या. तीन फ्लॉपी गेल्या, त्यात माझ्या भावाच्या लग्नाची पत्रिका होती.

बाय मडगावची, पैशांचे मला फार उशिरा कळले. एका हॉटेलच्या माहितीपत्रकाचे पैसे तीन वर्षे मागून शेवटी सोडले, त्यानंतर अर्धे हातात आल्याशिवाय पेन्सिल उचलली नाही. तुझ्या वेळेला निदान उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी आहे, ती आधी कर. नोंदणी असली तर लेखी काहीही ठरलेले नसताना १५ दिवसांत आणि ठरलेले असले तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे गिऱ्हाइकाला बंधनकारक आहे. आणि प्रूफवर सही घे, ओळखीचे असले तरी घे. एका जत्रेच्या पत्रकात 'शुद्ध'च्या जागी 'वद्य' छापले गेले. चूक माझी होती आणि प्रूफ मी कुणाला दाखवले नव्हते, देवळातले सगळे ओळखीचे म्हणून. दोन हजार प्रती मी माझ्या खर्चाने पुन्हा छापल्या आणि रात्री अकराला देवळात पोचवल्या. पुजाऱ्यांनी एक शब्द बोलून दाखवला नाही. ते मला अजून बोचते.

फेणीवाल्यांकडे फोन केला. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यानंतर त्यांच्या मुलाने नवे लेबल दुसरीकडून करून घेतले होते, तेव्हा मला वाईट वाटले होते. फोन त्यानेच उचलला. आई आता नाही, म्हणाला. मग विचारले, बी वर असलेला बोर्ड अजून आहे का, आईने ती गोष्ट घरात शंभरदा सांगितली आहे. शुक्रवारच्या बाजाराला येतो आहे, दोन्ही बोर्ड बघायला. वरचा त्याला द्यायचा, खालचा मी ठेवणार.