मदत हवी आहे: नॉर्वेजियन 'विन्दू' हा शब्द तोडायचा कुठून?

अनुजा_ब: उद्या क्लासमध्ये जोडशब्दांवर बोलायचंय, माझ्या वाट्याला 'विन्दू' आलाय. बाकीच्यांचे सोपे आहेत, 'मातपाक्के' म्हणजे खाणं अधिक पुडकं, झाला डबा. माझ्यात 'विन' म्हणजे वाइन आणि 'दू' म्हणजे तू, याला काय अर्थ?? प्लीज लवकर सांगा.

निवांत: अहो पण विन्दू म्हणजे काय ते तर सांगा आधी. आणि नॉर्वेजियन लिहायच्या दोन पद्धतींपैकी कुठली शिकताय, बूकमोल की नीनॉर्स्क?

अनुजा_ब: खिडकी. बूकमोल. त्याने काय फरक पडतो?

सह्याद्रीपुत्र: सरळ आपला 'बिंदू' आहे. खिडकी म्हणजे भिंतीतला बिंदूच की. सगळं इथूनच गेलंय.

निवांत: नाही हो, कानाला सारखं लागलं म्हणून शब्द एक होत नाही. मूळ जुना नॉर्स, म्हणजे नॉर्वे-डेन्मार्ककडची जुनी भाषा, तिच्यातला 'विन्दऔगा', विन्द म्हणजे वारा, औगा म्हणजे डोळा. अनुजा, फरक इथेच पडतो, नीनॉर्स्कमध्ये आजही 'विन्दऔगे' लिहितात, डोळा शाबूत आहे. बूकमोल आली डॅनिश लिखाणातून, 1814 पर्यंत नॉर्वे डेन्मार्ककडेच होता, आणि डॅनिशमध्ये तो झिजून 'विन्दुए' झालेला. म्हणजे 'द' वाऱ्याचा, डोळ्याचा उरला फक्त 'ऊ'. इंग्रजी विंडो पण नॉर्समधूनच घेतलेला.

कोकणकडा: खिडकीवरून आठवलं, तिकडे तिहेरी काचा असतात म्हणे, आतून पाणी धरतं का? भावाला विचारायचंय.

गोदाकाठ: जुन्या घरात मधोमध चूल आणि धूर जायला छपराला भोक असायचं, तोच हा डोळा.

निवांत: छपरातल्या भोकाला 'यूरे' असा वेगळा शब्द आहे, तो उजेडाच्या नात्यातला. दोन्हीची सरमिसळ नको.

गोदाकाठ: बरं, पण काच नव्हती म्हणून वारा यायचा हे तर खरं ना. आणि आपल्याकडे बघा, 'वातायन' वाऱ्यावरून, 'गवाक्ष' डोळ्यावरून! वात आणि विन्द एकाच मुळाचे, अक्षि आणि औगाही.

सह्याद्रीपुत्र: मग मी काय वेगळं म्हणत होतो?

निवांत: तुम्ही बिंदू म्हणत होतात. आणि एका मुळाचे म्हणजे भावंडं, संस्कृतातून गेलेले नव्हेत.

अनुजा_ब: सगळ्यांना थँक्यू, पण वर्गात एक जर्मन मुलगी आहे, ती 'फेन्स्टर' म्हणते. ती विचारणारच. तो कुठला?

निवांत: लॅटिन 'फेनेस्त्रा'. स्वीडिशनेही तोच घेतलाय.

कोकणकडा: काचांचं कोणी सांगेल का?