पडवीतला उजेड : उन्हाळ्यातल्या घरच्या फोटोंचे अनुभव लिहा

मंडळी, गेल्या मे महिन्यात आम्ही गुहागरकडच्या घरी होतो. आठ दिवसांत तीनशेच्या वर फोटो काढले. परत येऊन बघते तर निम्मे सगळ्यांना पायरीवर ओळीने बसवून, भर बाराच्या उन्हात काढलेले. डोळ्यांखाली काळ्या सावल्या, मुलांच्या भुवया आक्रसलेल्या. मनापासून आवडला तो एकच. आजी पडवीत कापा फणस फोडतेय, विळीला नि हातांना खोबरेल, समोर दोन नातवंडं गऱ्यांवर डोळा ठेवून. ऊन थेट आत आलेलं नाही, अंगणातल्या तांबड्या मातीवरून उसळून आलंय. तिच्या सुरकुत्यासुद्धा कोवळ्या दिसतात. पुढचे सात-आठ फोटो मात्र धुरकट. मी मधेच गरे सोडवायला बसले आणि त्याच हातांनी फोन उचलला, लेन्सला तेल लागलं. आता कमरेला सुती रुमाल खोचलेला असतो.

तुमच्या घरचा असा रोजचा क्षण कसा टिपला गेला? उजेड कुठून होता, कोण काय करत होतं, काय चुकलं, सगळं लिहा.

*वर्धा*

आमच्याकडे कुरडयांचा दिवस. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक आई पहाटे चारला शिजायला ठेवते, कारण मे महिन्यात इथे नऊनंतर गच्चीवर पाय ठेववत नाही. उजाडलं की सोऱ्या, धुतलेली धोतरं आणि शेजारच्या दोन काकू वर येतात. पातेल्यातली वाफ फोटोत हवी असेल तर उजेड वाफेच्या मागून यावा लागतो, हे कळायला मला तीन उन्हाळे लागले. आता पूर्वेकडे तोंड करून बसतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आधी मी ‘आई, इकडे बघ’ म्हणायचो. ती ‘थांब, साडी बदलून येते’ म्हणून खाली जायची, तोवर चीक थंड व्हायचा आणि तिची चिडचिड. हल्ली पहिले चार घाणे मीच सोऱ्या दाबतो. मग फोन काढला तरी कुणी दखल घेत नाही. नंतर तिला सगळे फोटो दाखवतो, नको म्हणाली ते पुसतो. फोन कठड्यावर उन्हात ठेवू नका, तापून कॅमेरा बंद पडतो.

*सांगली जिल्हा*

विहिरीवर पोरं पोहायला शिकत असताना फोटो काढणाऱ्याने राखणदार होऊ नये. मी एकदा दोन्ही करत होतो. भाच्याच्या पाठीला तरंगायला बांधलेला डबा सैल झालेला मला स्क्रीनमध्ये दिसलाच नाही, काकांना दिसला. आता पाण्यावर नजर ठेवायला दुसरं माणूस असल्याशिवाय फोन खिशातून बाहेर येत नाही. आणि भाचा बारा वर्षांचा झालाय. उघड्या अंगाचे फोटो कुणाला पाठवायचे नाहीत, असं त्याने सांगितलं. पाठवत नाही.

*वाई*

आजोबांकडे आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. 120 नंबरच्या फिल्मचा रोल, त्यात 12 फोटो, आणि अख्ख्या सुटीला एकच रोल. साध्या कॅमेऱ्याला भरपूर ऊन लागायचं, म्हणून सूर्य पाठीशी घेऊन उभं राहायचं हा तेव्हाचा नियम. त्यामुळे आमच्या अल्बमात सगळे डोळे बारीक करून बघतात. आजोबा एकाही फोटोत नाहीत. पण उतरत्या उन्हातल्या पाच फोटोंत खालच्या कडेला त्यांची सावली आहे. टोपी, आणि कॅमेरा डोळ्याशी धरल्यामुळे बाहेर आलेली दोन कोपरं. एका फोटोत आजी वाळवणावरचे कावळे हाकलायला काठी घेऊन बसलीय आणि ती सावली तिच्या पावलांपर्यंत पोचलीय.

लहानपणी मला हे फोटो बिघडलेले वाटायचे. मागच्या वर्षी निगेटिव्ह स्कॅन करायला दिल्या तेव्हा दुकानदाराने विचारलं, ‘ही सावली कापून टाकू का?’ मी इतक्या जोरात नको म्हटलं की तो दचकला. पाचपैकी दोन निगेटिव्हना बुरशीचे डाग पडलेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर ठेवल्या होत्या, आत दमट हवा कोंडली. ज्यांच्याकडे असतील त्यांनी कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवा. आणि या सुटीतच ठेवा.

*मेलबर्न*

आमचा उन्हाळा जानेवारीत. वाळवणं एकटीनेच घालते, बाल्कनीत. आईला व्हिडिओ कॉल लावला की ती पापड उलटायला सांगते. मुलाने एकदा तोच क्षण टिपला : माझा हात, पापड, आणि कुंडीला टेकवलेल्या फोनमध्ये आईचं कपाळ. घरातला एवढा एकच फोटो मी छापून लावलाय.

*राजापूर*

एक विचारायचं होतं. बाबा रोज सकाळी आढीतले आंबे वास घेऊन, हाताने चाचपून निवडतात. खोलीत काळोख, फ्लॅश मारला की पेंढा पांढराफटक दिसतो आणि बाबा डोळे मिटतात. काय करू?

*वर्धा*

फ्लॅश बंदच ठेवा. दार निम्मं उघडा आणि बाबांना दाराकडे तोंड करून बसू द्या. फोन पालथ्या बादलीवर टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोट लागून हलणार नाही. आंबा नाकाशी नेला की ते क्षणभर थांबतात ना? तेवढा वेळ पुरतो.