मदत हवी आहे : सी. पी. ई. बाखचा एकल बासरीचा सोनाटा, एका श्वासातली कादेन्झा कशी बांधू?

नमस्कार मंडळी,

पाश्चात्त्य बासरी वाजवणारं इथे कुणी असेल तर कृपया मदत करा. अगदी अडून बसले आहे.

पुण्यात आठ वर्षं बांसुरी शिकले. दोन वर्षांपूर्वी हॅम्बुर्गला आले आणि इथल्या एका संगीतशाळेत झडपांची धातूची बासरी शिकायला लागले. तीन आठवड्यांनी विद्यार्थ्यांची मैफल आहे. त्यात मला कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख यांचा ए मायनरमधला एकल सोनाटा (संथ-जलद भागांची वाद्यरचना) वाजवायचा आहे. सोबत पियानो नाही, चेलो नाही, काहीच नाही.

ज्यांना हे बाख माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. थोरल्या योहान सेबास्टियन बाख यांचा हा मुलगा, जन्म १७१४, वायमारचा. त्या काळचे नावाजलेले संगीतकार टेलेमान हे त्याचे धर्मपिता. कायद्याचं शिक्षण घेतलं, पण १७३८ पासून प्रशियाचा युवराज फ्रेडरिक याच्या पदरी राहिला. हा फ्रेडरिक १७४० मध्ये राजा झाला. तो स्वतः बासरी वाजवायचा आणि बाख त्याला हार्प्सिकॉर्डवर (पियानोआधीचं, तारा छेडणारं पेटीवाद्य) साथ करायचे. राजाचे बासरीगुरू क्वांट्स यांना वर्षाला २००० थालर (तिथलं चांदीचं नाणं) आणि बाखना सुरुवातीला ३००! हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण त्या दरबारात नव्या वाटेने जाणारा माणूस हाच होता. १७६८ मध्ये ते टेलेमान यांच्या जागी हॅम्बुर्गला आले आणि १७८८ मध्ये इथेच वारले. सेंट मिखाएलिस चर्चच्या तळघरात त्यांचं थडगं आहे. सोनाटा हाती घेण्याआधी मी तिथे जाऊन आले.

हा सोनाटा बर्लिनच्या दिवसांतला, १७४७ चा. वडिलांच्या संगीतात एकदा लागलेला भाव सहसा शेवटपर्यंत टिकतो. मुलाचं तसं नाही. ओळ रंगात येते आणि मध्येच थांबते, उसासा टाकते, एकदम खालच्या सप्तकात उडी मारते. आधी मला हे तुटक वाटायचं. आता वाटतं, कुणीतरी बोलता बोलता गहिवरून थांबतंय.

माझ्या अडचणी दोन.

पहिली : छोट्या टाइपात छापलेले टेकूचे सूर, म्हणजे अपोजियातुरा. माझा हात (आणि कान) त्यांना कणस्वरासारखं (मुख्य सुराला निसटता स्पर्श करणाऱ्या सुरासारखं) झटकन उडवतो. शिकवणाऱ्या बाई दर वेळी थांबवतात, "टेका, टेका" म्हणतात. किती टेकायचं?

दुसरी, मोठी : पहिल्या संथ भागाच्या शेवटाकडे फर्माटाची, म्हणजे लय थांबवून सूर धरायची, खूण आहे. तिथे वादकाने स्वतःची कादेन्झा, म्हणजे मनाने रचलेली छोटी सुरावट, वाजवायची असते. मला वाटलं, हे तर आपलं घरचंच! ए ला षड्ज धरला आणि कोमल गंधार, कोमल धैवत, शुद्ध निषाद घेऊन चक्क किरवाणीचा आलाप सुरू केला. पाऊण मिनिट वाजवलं. बाई मन लावून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, सुंदर आहे, पण हे या सोनाट्याचं नाही. शिवाय एका श्वासात संपलं पाहिजे. माझा श्वास जेमतेम बारा सेकंद पुरतो. बारा सेकंदांत काय बांधू?

पहिला प्रतिसाद

ताई, टेकूच्या सुराचं उत्तर बाखनी स्वतःच लिहून ठेवलंय. कीबोर्डवादनावरचा त्यांचा ग्रंथ १७५३ चा आहे. नियम असा की टेकूचा सूर मात्रेवर पडतो आणि मुख्य सुराचा अर्धा वेळ घेतो. मुख्य सुरापुढे टिंब असेल तर दोन तृतीयांश. कणस्वर मुख्य सुराआधी निसटतो, इथे मुख्य सूरच वाट बघतो. टेकूचा सूर जोरात, मुख्य सूर त्याला जोडून आणि हळू. तुम्ही म्हणता तो उसासा यातूनच येतो. एकेक जोडी निम्म्या लयीत, तोंडाने "हा–य" म्हणत गाऊन बघा.

आणखी एक. त्या काळची बासरी लाकडी, सहा भोकांची आणि एकाच झडपेची होती, म्हणजे तुमच्या बांसुरीची चुलत बहीणच. तिच्यावर जी शार्प वेड्यावाकड्या बोटांनी काढावा लागे आणि तो झाकोळलेला येई. ए मायनरमध्ये तोच शुद्ध निषाद. आजच्या बासरीवर सगळे सूर सारखे लख्ख येतात, म्हणून तो सूर मुद्दाम थोडा मवाळ ठेवा.

दुसरा प्रतिसाद

कादेन्झाबद्दल. एका श्वासाचा दंडक क्वांट्स यांच्या १७५२ च्या बासरीग्रंथात आहे. गाणाऱ्याने आणि फुंकून वाजवणाऱ्याने कादेन्झा एका श्वासात संपवावी, आणि ती त्या रचनेच्याच भावातून निघावी.

किरवाणी का जुळली नाही? आलापात तानपुरा षड्जावर स्थिर असतो. आपण घरी बसून राग उलगडतो. कादेन्झात मनातला खर्ज पंचमावर, म्हणजे ई वर अडकलेला असतो. घर दिसतंय पण उंबरा ओलांडलेला नाही. फोनवरच्या तानपुऱ्यात फक्त ई लावून ठेवा आणि त्यावर वाजवा. तुमचा ए आपोआप अस्वस्थ होईल. शेवटी रिषभावर, म्हणजे बी वर ट्रिल (लगतच्या दोन सुरांची जलद आलटापालट) घ्या. ती वरच्या सुरापासून सुरू करा आणि मगच ए वर या.

सामग्री बाहेरून आणू नका. त्याच भागातली तुम्हाला आवडणारी एक उडी आणि एक उसासा उचला. बारा सेकंद पुष्कळ झाले. शेवटचे तीन ट्रिलसाठी राखा, नाहीतर ट्रिल धापा टाकते.

मूळ धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार! काल रात्री ई चा तानपुरा लावून बसले. पहिल्याच ए ला अंगावर काटा आला. आठ वर्षं ज्या सुरावर विसावत होते तो सूर तिथे टिकूच देत नव्हता. आता सुरुवातीची खाली झेप, मग दोन उसासे, मग ट्रिल, असं साडेदहा सेकंदांत बसतंय. "हा–य" चा उपायही लागू पडला, शेजारच्या आजींनी मात्र दार वाजवून बरं आहे ना विचारलं.

एकच राहिलं. पुढच्या जलद भागांत खालचे सूर म्हणजे साथीचा खर्ज आणि वरचे म्हणजे चाल, हे कळतंय. पण सलग धावत्या सुरांत श्वास नेमका कुठे घ्यावा?

दुसरा प्रतिसाद

मात्रेवरचा पहिला सूर वाजवून झाल्यावर, त्याच्या मागे. क्वांट्सही हेच सांगतात. मात्रेच्या आधी घेतलात तर चाल लंगडते. खालचा खर्जाचा सूर किंचित आखूड सोडा, तिथेच फट मिळेल. पेन्सिलीने खुणा करून ठेवा आणि सरावातही तिथेच श्वास घ्या.