रिस्पॉन झाल्यावर लगेच धावायचे की संघासाठी थांबायचे?

पांझराकाठ, धुळे : संघाने खेळायच्या लढाईच्या गेममध्ये रिस्पॉन होताच, म्हणजे मेल्यावर पुन्हा खेळात येताच, एकट्याने पुढे पळणाऱ्यांमुळेच बरेच सामने हातचे जातात, असे माझे स्पष्ट मत आहे. सहांपैकी चौघे पडलेले असताना उरलेले दोघे उगाच झुंजत राहतात आणि आठ-दहा सेकंदांनी मरतात. तोवर ते चौघे परतून या दोघांशिवायच लढाईत शिरतात, आणि मग पुढे कितीतरी वेळ अख्खा संघ एकत्र येतच नाही. ओव्हरवॉच हा गेम खेळणारे यालाच ‘स्टॅगर’ म्हणतात. लढाई हरली हे दिसताच उरलेल्यांनी मागे फिरावे, ते जमत नसेल तर लगेच मरून मोकळे व्हावे.

केळीबाग, रावेर : भाऊ, हे सरसकट लागू होत नाही. कॉल ऑफ ड्यूटी या गेमच्या हार्डपॉइंट प्रकारात ठरलेली जागा ज्यांच्या ताब्यात, त्यांचा गुण दर सेकंदाला वाढतो. पण आपला एक जण जरी आत शिरला, तरी तो जिवंत असेपर्यंत गुण कोणालाच मिळत नाहीत. तेथे चौघांची वाट पाहत बसणे म्हणजे शत्रूला गुण आंदण देणे होय. शिवाय ती जागा ठरावीक वेळाने बदलते, त्यामुळे उशिरा मेलेल्याने जुन्या जागेकडे न धावता सरळ पुढची जागा गाठावी.

भुसावळ जंक्शन : २००३ च्या एनिमी टेरिटरी या गेममध्ये हा वाद खेळानेच मिटवला होता. तेथे मेलेले सगळे ठरलेल्या वेळी एकाच लाटेत परत येत. लाट नुकतीच गेल्यावर मरणाऱ्याची गाडी चुकली म्हणून समजा. मुरलेले खेळाडू घड्याळ पाहून लाटेच्या क्षणभर आधी मुद्दाम मरत, म्हणजे काडतुसेही पुन्हा भरून मिळत. (नवख्यांना हा वेडेपणा वाटे.)

पांझराकाठ, धुळे : हार्डपॉइंटचे मान्य. पण आपल्याकडे बहुतेक जण खेळतात त्या बीजीएमआय या मोबाइल गेमच्या टीडीएममध्ये (दोन संघांच्या थेट लढतीत) चाळीस किल झाले की सामना संपतो, म्हणजे एकट्याने घेतलेली प्रत्येक उडी शत्रूच्या चाळिसात एकाची भर घालते.

केळीबाग, रावेर : गेमिंग कॅफेत शेजारी बसलेल्याला ‘थांब रे भो’ म्हणता येते. अनोळखी तिघांचे माईक बंद असताना थांबणारा एकटाच थांबतो.

पांझराकाठ, धुळे : माईक नसला तरी किल फीड, म्हणजे कोणी कोणाला मारले याची पडद्यावरची यादी, असतेच. आपली दोन-तीन नावे नुकतीच पडलेली दिसली तर रिस्पॉनची जागा सोडू नये. फक्त आपणच पडलो असू, तर कोणासाठीही न थांबता निघावे.